प्रणालीबदलानंतरची संथ प्रवेशप्रक्रिया : डहाणू व तलासरी तालुक्यांतील डाकघरांच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

भारतीय टपाल खात्याने ४ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्या नव्या संगणक प्रणालीचा देशव्यापी विस्तार पूर्ण केला. ‘ॲडव्हान्स्ड पोस्टल टेक्नॉलॉजी’, संक्षेपाने एपीटी, या नावाने ओळखली जाणारी ही प्रणाली खात्याच्याच म्हैसूर येथील तंत्रज्ञान केंद्राने विकसित केली असून ती केंद्र शासनाच्या ‘मेघराज’ या क्लाउड व्यवस्थेवर चालते. कर्नाटकात प्रथम चाचणी घेऊन मग टप्प्याटप्प्याने सर्व टपाल परिमंडळे तीवर आणण्यात आली. देशातील सुमारे १ लाख ६५ हजार डाकघरांचे कामकाज अशा रीतीने एका छत्राखाली आले. पाचच दिवसांनी, ९ ऑगस्टला, राखीपौर्णिमा होती. त्या सुमारास देशाच्या अनेक भागांतून एकाच प्रकारच्या तक्रारी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाल्या : प्रणाली संथ आहे, कर्मचाऱ्यांना आत प्रवेश मिळण्यास विलंब होतो, खिडकीपुढे रांगा लागल्या आहेत.

अशा प्रसंगी खिडकीपलीकडून जे उत्तर मिळते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ तलाठी कार्यालय, रास्त भाव दुकान, बँक, महाविद्यालयाचे कार्यालय, कोठेही हे वाक्य ऐकू येते आणि आता ते मराठी बोलीचाच भाग झाले आहे. त्याची अडचण अशी की ते निदानासारखे भासते, परंतु ते निदान नव्हे. उलट त्यामुळे निदानाचा विचार तेथेच थांबतो. सर्व्हर खरोखर बंद पडला असेल तर कोणालाही, कोठेही प्रवेश मिळणार नाही. प्रवेश मिळतो पण दोन मिनिटांनी मिळतो; सकाळी मिळत नाही पण दुपारी मिळतो; शेजारच्या खिडकीवर मिळतो आणि या खिडकीवर मिळत नाही. या तिन्ही गोष्टी सर्व्हर चालू असल्याच्या खुणा आहेत.

प्रणालीबदलानंतर लॉगिन संथ होते तेव्हा तो विलंब बहुधा एका ठिकाणी नसतो. तो अनेक लहान प्रतीक्षांची बेरीज असतो आणि ही बेरीज दूरच्या, अरुंद जोडणीच्या ठिकाणी सर्वांत मोठी भरते. म्हणूनच विलंबाचे मोजमाप मुख्यालयात नव्हे, तर खिडकीवर झाले पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. एपीटीच्या अंतरंगाचे परीक्षण करणे हा येथे उद्देश नाही. कोणत्याही मोठ्या प्रणालीबदलानंतर जे घडते त्याची कारणमीमांसा डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांच्या परिस्थितीत काय रूप घेते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

डहाणू व तलासरी : जोडणीचा भूगोल

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. हे दोन तालुके त्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेलगत आहेत. डहाणूचा पश्चिम भाग किनाऱ्याचा आहे. चिंचणी, डहाणू, घोलवड, बोर्डी ही गावे, चिकूच्या वाड्या आणि पश्चिम रेल्वेचा मार्ग याच पट्ट्यात येतात; २०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत पोहोचली. पूर्वेकडे कासा, सायवनच्या दिशेने गेले की गावे पाड्यांत विखुरतात. तलासरीचे मुख्य ठिकाण मुंबई–अहमदाबाद महामार्गावर असले, तरी उधव्यासारखी गावे महामार्गापासून बरीच आत आहेत. २०११ च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची लोकसंख्या ४ लाखांच्या वर आणि तलासरीची दीड लाखाच्या वर नोंदली गेली. दोन्ही तालुक्यांत वारली व अन्य आदिवासी समाज बहुसंख्य आहेत.

डहाणूचा पिन ४०१६०१, डहाणू रोडचा ४०१६०२, तलासरीचा ४०१६०६. कागदावर ही ठिकाणे शेजारी आहेत. परंतु संगणकाच्या दृष्टीने अंतर किलोमीटरमध्ये मोजले जात नाही. संदेश जाऊन उत्तर परत येण्यास लागणाऱ्या वेळात ते मोजले जाते. त्या मापाने स्टेशनजवळचे, तारेने जोडलेले कार्यालय मुंबईच्या उंबरठ्यावर असू शकते आणि तेथून तासाभराच्या वाटेवरील, मोबाइलच्या अशक्त लहरींवर अवलंबून असलेले शाखा डाकघर त्याच्या वीसपट दूर असू शकते.

शाखा डाकघर म्हणजे बहुधा ग्रामीण डाक सेवकाच्या घरातील किंवा त्याने मिळवलेली एखादी खोली. २१ डिसेंबर २०१७ रोजी आरंभ झालेल्या ‘दर्पण’ प्रकल्पाने देशातील सुमारे १ लाख २९ हजार शाखा डाकघरांना सौरऊर्जेवर चालणारी, हातात मावणारी यंत्रे देण्याचे ठरवले आणि त्यानंतर बचत खाते, विमा, मनीऑर्डर ही कामे यंत्रावर आली. १ सप्टेंबर २०१८ पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे व्यवहारही तेथे होऊ लागले. येथे एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या वेतनरचनेत ग्रामीण डाक सेवकाचा दिवस ४ किंवा ५ तासांचा धरला आहे. चार तास म्हणजे २४० मिनिटे. सकाळी आत शिरण्यास पाच मिनिटे लागली आणि जोडणी तुटल्यामुळे दिवसात आणखी दोनदा तेच करावे लागले, तर दिवसाचा सोळावा भाग केवळ उंबरठ्यावर संपतो. शहरातील आठ तासांच्या, चार खिडक्यांच्या कार्यालयात हीच पंधरा मिनिटे कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

खिडकीबाहेरचा हिशेब निराळाच आहे. पाड्यावरून आलेल्या मजूर स्त्रीला पैसे काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागले, तर तिचे प्रवासभाडे दुप्पट होते आणि एक रोज बुडतो. ही रक्कम कोणत्याही प्रणालीच्या खर्चात धरली जात नाही.

प्रवेश म्हणजे नेमके काय

वापरकर्त्याच्या दृष्टीने लॉगिन ही एकच कृती आहे : नाव व पासवर्ड लिहून कळ दाबणे. प्रणालीच्या दृष्टीने ती अनेक संभाषणांची मालिका असते. प्रथम संगणक सर्व्हरच्या नावावरून त्याचा क्रमांक विचारतो. मग जोडणी मागतो. मग दोन्ही बाजू सांकेतिक किल्ल्यांची देवघेव करतात. त्यानंतर पासवर्डची तपासणी होते. कोठे बोटाचा ठसा किंवा मोबाइलवर येणारा एकवेळचा अंक यांची भर पडते. ओळख पटल्यावर या व्यक्तीला कोणत्या कामांचा अधिकार आहे, ती कोणत्या कार्यालयात नेमलेली आहे, आजचा आरंभीचा शिल्लक हिशेब काय, हे सर्व एकेक करून मागवले जाते. शेवटी पडद्यावरील चित्रे, फलक आणि त्यांना चालवणाऱ्या आज्ञावली उतरवल्या जातात आणि मग कामाचा पहिला पडदा दिसतो. पासवर्डची तपासणी ही या साखळीतील एक कडी आहे, बहुधा लहानशी.

ती कडी मात्र हेतुपुरस्सर संथ केलेली असते, हेही सांगितले पाहिजे. चोरलेल्या यादीवरून पासवर्ड ओळखता येऊ नयेत म्हणून तपासणीचे गणित मुद्दाम कष्टाचे ठेवतात. १९९९ साली मांडलेली ‘बीक्रिप्ट’ पद्धती याच तत्त्वावर उभी आहे. संगणक वेगवान होत गेले तसे हे कष्टही वाढवावे लागतात; २०२३ मध्ये ‘ओवास्प’ या सुरक्षाविषयक संस्थेच्या मार्गदर्शनात ‘पीबीकेडीएफ २’ या पद्धतीच्या एका प्रकारासाठी सहा लाख आवर्तने सुचवली आहेत. त्यामुळे नवी प्रणाली अधिक सुरक्षित असेल तर प्रत्येक लॉगिनमागे सर्व्हरचे श्रम वाढणे स्वाभाविक आहे. हा विलंब रास्त होय. त्याच्या हिशेबाने सर्व्हरांची संख्या वाढवली नसेल, तर मात्र तो रास्त राहत नाही.

आता फेऱ्यांचा विचार करू. संदेश जाऊन उत्तर येणे ही एक फेरी. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवरील सर्व्हरशी एका फेरीला तत्त्वतः १० मिलिसेकंद पुरतात. वाटेतील यंत्रे धरून ३० मिलिसेकंद म्हणू. लॉगिनच्या साखळीत एकामागून एक अशा ४० फेऱ्या असतील तर एकूण १.२ सेकंद लागतील आणि कोणाचीही तक्रार येणार नाही. ज्या कार्यालयाची फेरी क्षीण मोबाइल जोडणीमुळे ६०० मिलिसेकंदांची आहे, तेथे त्याच ४० फेऱ्यांना २४ सेकंद लागतात. सर्व्हर तोच, आज्ञावली तीच, कर्मचारी तितकाच तत्पर. उपग्रहावरून जोडणी असेल तर विज्ञानानेच मर्यादा घातली आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येणे आणि उत्तर वर जाऊन खाली येणे यांतच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. जोडणीचा दर कितीही वाढवला तरी हा अर्धा सेकंद कमी होत नाही.

यातून प्रणालीबदलाचा एक गूढ वाटणारा परिणाम स्पष्ट होतो. नवी प्रणाली मुख्यालयातील चाचणीत वेगवान ठरते आणि गावात संथ ठरते, तेव्हा दोन्ही अहवाल खरे असतात. आधुनिक प्रणाली लहान लहान स्वतंत्र सेवांच्या बनवण्याकडे आज कल आहे. एपीटीची रचनाही अशीच असल्याचे खात्याने जाहीर केले आहे. या रचनेचे लाभ मोठे आहेत, एक भाग बिघडला तरी दुसरा चालू राहतो. पण पहिला पडदा दिसण्यापूर्वी खिडकीवरील यंत्राने अनेक सेवांशी स्वतंत्रपणे बोलावे अशी बांधणी कोणी केली, तर फेऱ्यांची संख्या वाढते आणि त्या वाढीचा आकार ज्याची फेरी सर्वांत महाग त्याला सर्वाधिक बसतो. उपाय माहितीचा आहे : ही संभाषणे सर्व्हरांनी आपसांत, एकाच खोलीत उरकावीत आणि खिडकीकडे एकच गाठोडे पाठवावे. बाजारात पाच वेळा जाऊन पाच जिन्नस आणण्याऐवजी एका यादीने आणावेत, इतकी ही साधी गोष्ट आहे.

फेरीप्रमाणेच जोडणीच्या रुंदीचाही प्रश्न असतो. प्रणाली बदलली की यंत्रांनी पूर्वी साठवून ठेवलेली चित्रे व आज्ञावली निरुपयोगी होतात आणि सर्व काही नव्याने उतरवावे लागते. पाच मेगाबाइटचा हा ऐवज सेकंदाला २५६ किलोबिट वाहून नेणाऱ्या जोडणीवरून येण्यास सुमारे १६० सेकंद लागतात. एका कार्यालयातील चार संगणक तीच जोडणी वाटून घेऊन एकाच वेळी चालू झाले, तर प्रत्येकाला दहा मिनिटांहून अधिक.

विलंबाची लक्षणे आणि त्यांचा अर्थ

वैद्य रोग्याला ‘ताप केव्हा येतो’ असे विचारतो, त्याचप्रमाणे येथे ‘उशीर कसा होतो’ हा पहिला प्रश्न असला पाहिजे. किती उशीर होतो हा दुसरा. विलंबाच्या स्वरूपावरून कारणाचा बराच माग लागतो आणि त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

विलंब प्रत्येक वेळी ठरावीक असेल, सकाळी १५ सेकंद, दुपारी १५ सेकंद, रांग असो वा नसो, तर तो गर्दीचा परिणाम नव्हे. अशा वेळी संगणक कोणाची तरी वाट पाहून ठरावीक मुदतीनंतर नाद सोडून देत असतो. प्रणालीबदलानंतरचे हे सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. जुना सर्व्हर निवृत्त झालेला असतो. पण खिडकीवरील यंत्राच्या मांडणीत त्याचे नाव कोठे तरी राहून गेलेले असते : छपाईयंत्राच्या पत्त्यात, सामायिक फोल्डरच्या जोडणीत, सकाळी आपोआप चालणाऱ्या एखाद्या जुन्या आज्ञापत्रात. यंत्र रोज त्याला हाक मारते. बदली होऊन गेलेल्या कारकुनाच्या रिकाम्या टेबलापुढे उभे राहावे तसे ते उभे राहते. ‘तो येथे नाही’ असे कोणी सांगितले तर यंत्र तत्क्षणी पुढे जाईल. परंतु कोणी काहीच सांगत नाही म्हणून मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. प्रमाणपत्रांच्या बाबतीतही असेच होते. समोरच्या सर्व्हरचे डिजिटल प्रमाणपत्र रद्द तर झालेले नाही ना, हे पाहण्यासाठी यंत्र बाहेरच्या एका यादीकडे धाव घेते. सुरक्षेसाठी बाहेरचे मार्ग बंद केलेले असतील आणि बंद करताना नकाराऐवजी मौन पाळण्याची सूचना दिलेली असेल, तर प्रत्येक लॉगिनला तीच शिक्षा. या प्रकारात नवीन सर्व्हर विकत घेऊन काडीचाही उपयोग होत नाही. जुनी नावे शोधून काढणे हाच उपाय, आणि तो बिनखर्चाचा आहे.

पहिले लॉगिन संथ आणि त्याच दिवशीचे दुसरे वेगवान असेल तर वर सांगितलेली नव्याने उतरवण्याची क्रिया चालू आहे असे समजावे. हे दुखणे काही दिवसांत आपोआप बरे होते. या काळात यंत्र पुसून पुन्हा बसवण्याचा उत्साह टाळलेला बरा, कारण प्रत्येक पुसण्याबरोबर ते पुन्हा पहिल्या दिवसावर जाते.

एकाच यंत्रावर एका कर्मचाऱ्याला उशीर होतो आणि दुसऱ्याला होत नाही, असे आढळल्यास दोष यंत्राचा नाही. त्या व्यक्तीच्या नोंदीचा आहे. पूर्वी तीन कार्यालयांत काम केलेल्या कर्मचाऱ्याच्या नावावर तिन्ही ठिकाणचे अधिकार शिल्लक असतात आणि स्थलांतरात ते सर्व नव्या प्रणालीत आलेले असतात. उलट एकाच यंत्रावर सर्वांना उशीर होत असेल तर यंत्राकडे पाहावे. नव्या प्रणालीसाठी स्मृती अपुरी पडणे, विषाणूरोधक आज्ञावलीने प्रत्येक नवी फाइल तपासत बसणे ही नेहमीची कारणे. एक कारण मात्र फारसे कोणाला सुचत नाही : घड्याळ. जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असली आणि वीज गेली, की यंत्राची तारीख मागे जाते. ओळख पटवणाऱ्या अनेक पद्धती घड्याळावर विसंबून असतात. कार्यालयीन नेटवर्कमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘केर्बेरॉस’ पद्धतीत दोन घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक सहसा चालत नाही. मग पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो, कर्मचारी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि शेवटी खाते कुलूपबंद होते. वीज वारंवार जाणाऱ्या भागात शंभर रुपयांच्या आतली ही बॅटरी तपासणे हे देखभालीचे पहिले काम असावयास हवे.

सर्वांना, सर्व ठिकाणी, दिवसभर उशीर होत असेल आणि तो दिवसेंदिवस वाढत असेल, तरच संशय माहितीसाठ्यावर घ्यावा. माहितीसाठा आपल्या तक्त्यांविषयीची काही आकडेवारी बाळगतो आणि तिच्या आधारे कोणत्या मार्गाने शोध घ्यावयाचा ते ठरवतो. स्थलांतरात ही आकडेवारी मागे राहिली, तर एका कर्मचाऱ्याचे नाव शोधण्यासाठी लाखो ओळी आरंभापासून वाचल्या जातात. ही तात्त्विक भीती नव्हे. ‘पोस्टग्रेस’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या माहितीसाठ्याची आवृत्ती बदलण्याच्या अधिकृत साधनाने ही आकडेवारी सोबत नेण्याची सोय सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीतच प्रथम केली. तोपर्यंत ती बदलानंतर नव्याने गोळा करावी लागत असे आणि ते विसरणारे पुष्कळ होते.

गर्दीचे गणित

राहिले शेवटचे लक्षण : सकाळी प्रवेश मिळत नाही आणि दुपारी मिळतो. याचे स्पष्टीकरण संगणकाच्या फार आधी, टेलिफोनच्या काळात झाले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली रांगांचे गणित मांडण्यास आरंभ केला. त्याच्या परंपरेतील सर्वांत साध्या, एका खिडकीच्या प्रतिमानाने असे दिसते की एका कामाला ०.२ सेकंद लागत असतील आणि सर्व्हर निम्मा वेळ मोकळा असेल, तर येणाऱ्याला सरासरी ०.४ सेकंद लागतात. सर्व्हर ९० टक्के व्यग्र झाला की २ सेकंद, ९५ टक्क्यांवर ४ सेकंद आणि ९९ टक्क्यांवर २० सेकंद. शेवटच्या टप्प्यात गर्दी जेमतेम चार टक्क्यांनी वाढली आहे, पण प्रतीक्षा पाचपट झाली. ‘काल तर सुरळीत चालले होते, आज असे काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

देशपातळीवरील आकडा पाहा. १ लाख ६५ हजार डाकघरांतून प्रत्येकी केवळ एक लॉगिन अर्ध्या तासात विखुरले तर सेकंदाला सुमारे ९२ विनंत्या येतात. सर्वांनी पहिल्या पाच मिनिटांत कळ दाबली तर सेकंदाला ५५०. त्यात मानवी स्वभावाची भर पडते. पडदा हलत नाही असे पाहून कर्मचारी पुन्हा कळ दाबतो. पहिली विनंती रांगेत असतानाच दुसरी मागे लागते. यंत्रेही आपणहून पुन्हा प्रयत्न करतात. संथ झालेल्या सर्व्हरवर यामुळे दुप्पट-तिप्पट काम येते. म्हणून ‘कळ एकदाच दाबा आणि साठ सेकंद थांबा’ ही सूचना कितीही क्षुल्लक वाटली, तरी ती खिडकीवर लावणे हा खरा तांत्रिक उपाय आहे.

अशा गर्दीचे सार्वजनिक अनुभव महाराष्ट्राला नवीन नाहीत. प्राप्तिकर विभागाचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले तेव्हा लॉगिनपासूनच अडचणी आल्या आणि त्या वर्षी विवरणपत्राची मुदत अखेर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. महाविद्यालयीन अध्यापकांना याहून जवळचे उदाहरण आठवेल. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या विलंबाची कारणे अनेक होती, परंतु तपासणीस बसलेल्या परीक्षकांना आत प्रवेशच मिळत नाही ही तक्रार त्या काळात सातत्याने येत होती. दोन्ही ठिकाणी वापर सर्वांनी एकदम केला.

कागदी व्यवस्थेतील एक सोय

टपाल खात्याच्या जुन्या पद्धतीकडे या संदर्भात पाहणे उद्बोधक ठरेल. कागदी काळात शाखा डाकघर आपला दैनिक हिशेब लिहून, रोकड व टपालासह थैलीत घालून वरच्या कार्यालयाकडे पाठवी. थैली पावसात अडकली, वाटेतील नदीला पूर आला तरी खिडकी बंद होत नसे. ठेव घेतली जाई, पावती दिली जाई, ताळमेळ मागाहून होई. संगणकशास्त्रात आज ज्याला ‘साठवा आणि पुढे पाठवा’ म्हणतात ते तत्त्व या थैलीत शंभराहून अधिक वर्षे नांदत होते. त्या व्यवस्थेत विलंब होता, कधी अफरातफरही होती. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु जोडणीचा दोष ती ग्राहकावर ढकलत नव्हती. प्रत्येक व्यवहाराआधी दूरच्या सर्व्हरची अनुमती घेणाऱ्या व्यवस्थेने अफरातफर कठीण केली, हे तिचे मोठे श्रेय. त्याबरोबरच तिने जोडणीचा प्रत्येक अडथळा थेट खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या पायात आणला.

हे दोन्ही गुण एकत्र आणणे अशक्य नाही. सकाळी एकदा ओळख पटली की ती दिवसभर त्या यंत्रापुरती ग्राह्य धरणे. जोडणी तुटली तरी नव्याने लॉगिन न मागणे. टपाल नोंदणी किंवा ठरावीक मर्यादेपर्यंतची ठेव यांसारखे कमी जोखमीचे व्यवहार यंत्रावर नोंदवून मागाहून पाठवणे. पैसे काढण्याच्या व्यवहारात खात्यातील शिल्लक पाहणे अपरिहार्य असल्याने तेथे ही मुभा अल्पच राहील. कोणत्या कामाला क्षणोक्षणी अनुमती हवी आणि कोणत्या कामाला नको, ही विभागणी तंत्रज्ञाने एकट्याने करावयाची नसते. तीत डाक सेवकाचा अनुभव अधिक मोलाचा आहे.

खिडकीवरील नोंदवही

प्रणालीच्या मुख्यालयात जो वेग मोजला जातो तो सर्व्हरने उत्तर देण्यास घेतलेला वेळ असतो. खिडकीवरील प्रतीक्षा त्यात दिसत नाही. म्हणून प्रत्येक कार्यालयात, निदान प्रणालीबदलानंतरच्या पहिल्या महिन्यात, एक साधी वही ठेवली जावी. तीत तारीख, यंत्र, कर्मचारी, कळ दाबल्याची वेळ आणि कामाचा पहिला पडदा दिसल्याची वेळ एवढे रकाने पुरेत. भिंतीवरच्या घड्याळातील सेकंदकाटा एवढेच उपकरण लागते. आठवडाभराच्या नोंदींवरून विलंब ठरावीक आहे की बदलता, सकाळचा आहे की दिवसभराचा, यंत्राचा आहे की व्यक्तीचा, हे वाचता येते. ‘सर्व्हर डाऊन’ या तक्रारीवर तंत्रज्ञ काहीही करू शकत नाही. ‘दोन क्रमांकाच्या यंत्रावर प्रत्येक वेळी तीस सेकंद’ या तक्रारीवर तो त्याच दिवशी कामाला लागू शकतो.

डहाणू–तलासरी परिसरातील महाविद्यालयांना यात काही करता येण्याजोगे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत आणि अशा प्रकल्पांसाठी विषय शोधताना अध्यापकांची दमछाक होते. किनाऱ्यावरचे एक, महामार्गावरचे एक आणि आतल्या भागातील एक अशी तीन डाकघरे खात्याच्या अनुमतीने निवडून, एकाच आठवड्यात एकाच पद्धतीने विद्यार्थ्यांनी या नोंदी घेतल्या, तर जोडणीचे खरे अंतर आकड्यांत मांडता येईल. वारली किंवा डावरी बोलणारा विद्यार्थी रांगेतील माणसाशी बोलूही शकेल. त्याच्या वहीत आणखी दोन रकाने असावेत : माणूस कोठून आला आणि काम न होता परत गेला का.